गटाने व्यायाम आणि पळणे: खाडा न पडू देता तंदुरुस्त राहण्याची रीत

व्यायाम सुरू करणे फारसे अवघड नसते. तो चौथ्या आठवड्यानंतरही चालू ठेवणे अवघड असते. पहिले काही दिवस उत्साहाच्या भरात निघून जातात, मग एके रात्री झोप अपुरी होते, दुसऱ्या दिवशी कामाची घाई असते, आणि दोन खाडे पडले की तिसऱ्यासाठी कारणही लागत नाही. अशा माणसाला आपण आरंभशूर म्हणून मोकळे होतो आणि दोष त्याच्या इच्छाशक्तीला देतो. मला हे पटत नाही. एकट्याने व्यायाम करणाऱ्याचा खाडा कोणाच्याच लक्षात येत नाही, हे या अडचणीचे खरे मूळ आहे. चार-सहा जण ठरल्या वेळी एका ठिकाणी जमत असतील, तर न येणाऱ्याची जागा रिकामी दिसते, आणि ती दिसणार आहे ही जाणीवच पुष्कळदा माणसाला अंथरुणातून उठवते. मात्र नुसता गट जमवून भागत नाही. गेली काही वर्षे गटाने पळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली आहे: गट टिकणार की मोडणार, हे त्यातल्या सर्वांत सावकाश पळणाऱ्या माणसाची सोय कशी केली आहे यावर ठरते. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

सोबतीचा परिणाम

सोबतीने माणूस अधिक जोर लावतो, हे निरीक्षण जुने आहे. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यापेक्षा इतरांच्या सोबतीने सायकल चालवणारे अधिक वेगाने जातात असे त्यांना आढळले. त्यानंतर १९२० च्या दशकात ओटो कोहलर यांनी बर्लिनमधील रोइंग क्लबच्या सदस्यांवर प्रयोग केले. वजनाची दांडी आधी एकेकट्याने आणि मग जोडीने उचलायची होती; जोडीत एकाने हात टेकले की दोघांचे काम थांबत असे. अशा वेळी जोडीतला कमकुवत गडी एकट्याने करताना जितका टिकत असे, त्यापेक्षा अधिक वेळ टिकला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना हा परिणाम सर्वांत चांगला दिसला. फरक फार मोठा असला किंवा जवळजवळ नसलाच, तर तो ओसरला. म्हणून जोड्या लावताना सर्वांत तयार माणसाला सर्वांत नवख्याबरोबर जुंपू नये, एक-दोन पायऱ्यांचाच फरक ठेवावा.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली, तेव्हा माणसे वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आपण किती ओढतो हे गर्दीत दिसत नसले की हात आपोआप सैल पडतो. तीस जणांच्या घोळक्यात मागच्या रांगेत अर्ध्या बैठका मारणारा माणूस आळशी असतोच असे नाही. त्याच्याकडे कोणी पाहत नसते, इतकेच. गट मोठा झाला तरी प्रत्यक्ष व्यायाम चार ते सहा जणांच्या टोळ्यांत करावा, तो या कारणासाठी.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रोइंगपटूंवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही येथे उपयोगी आहे. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यानंतर आणि संघाबरोबर एका लयीत केल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा तपासण्यात आली, आणि संघाबरोबरच्या व्यायामानंतर ती अधिक वाढलेली आढळली. संशोधकांनी त्याचा संबंध शरीरात स्रवणाऱ्या, वेदना कमी करणाऱ्या एंडॉर्फिन या द्रव्याशी जोडला. शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळते तेव्हा तेच अंतर हलके का वाटते, याचे एक उत्तर यात असावे.

सुरुवातीआधीची तपासणी

छातीत दुखणे, थोड्या श्रमानेही भोवळ येणे, कधी शुद्ध हरपणे, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि तो गटातील निदान एकाला सांगून ठेवावा. प्रत्येकाने आपल्या जवळच्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक गटाच्या वहीत लिहावा. ही वही दर वेळी सोबत असावी. ती घरी ठेवून उपयोग नाही.

किती व्यायाम पुरेसा, याचे मोजमाप सर्वांना एकच सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे अधिक श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. आठवड्यातून तीन वेळा एकेक तास जमणारा गट, त्यांतील दोन दिवस ताकदीच्या व्यायामांना वाटा देऊन, हे प्रमाण सहज गाठतो. सुरुवातीला याहून अधिक दिवस ठरवू नयेत. रोज जमण्याचे ठरवलेले गट मी महिन्याभरात विस्कटताना पाहिले आहेत.

माणसे, वेळ आणि जागा

सुरुवात चार जणांपासून करावी आणि आठ-दहा जणांवर काही महिने थांबावे. माणसे निवडताना वेगाकडे पाहू नये. घर किंवा कामाचे ठिकाण किती जवळ आहे आणि ठरलेली वेळ त्यांच्या दिनक्रमात खरोखर बसते का, एवढेच पाहावे. अर्ध्या तासाचा प्रवास करून येणारा मित्र कितीही उत्साही असला तरी पावसाच्या पहिल्या सकाळी तो गळतो, आणि त्याच्या गळण्याने इतरांचाही धीर सुटतो.

दोन कामे पहिल्याच दिवशी वाटून द्यावीत. एकाने हजेरी आणि घड्याळ सांभाळावे. दुसऱ्याने त्या दिवसापुरता शेवटचा सोबती व्हावे, म्हणजे सर्वांत मागे पळणाऱ्याच्या बरोबरीने राहावे. ही दुसरी जबाबदारी आळीपाळीने सर्वांकडे, विशेषतः वेगवान मंडळींकडे, फिरत राहिली पाहिजे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनी सुरू झालेला आणि पुढे अनेक देशांत पसरलेला पार्करन हा शनिवारी सकाळी होणारा ५ किलोमीटरचा उपक्रम पाहा. तेथे सर्वांच्या मागून चालणारा एक स्वयंसेवक नेमलेला असतो, त्यामुळे भाग घेणाऱ्यांपैकी कोणीच शेवटचा ठरत नाही. इतकी साधी युक्ती, पण नवख्याच्या मनातली सर्वांत मोठी भीती ती काढून टाकते.

वेळ एकदा ठरली की ती हलवू नये. सहा म्हणजे सहा. उशिरा येणाऱ्यासाठी थांबले की वेळेवर येणाऱ्यांना उशिरा यायला आपणच शिकवतो. उशिरा आलेल्याने वाटेत सामील व्हावे, म्हणून मार्ग सर्वांना माहीत असलेला आणि फेऱ्याफेऱ्यांचा असावा. जागा सपाट, उजेडाची, वाहनांपासून दूर असावी. मऊ माती किंवा गवत मिळाले तर उत्तम, पण खाचखळग्यांच्या मातीपेक्षा सारखा रस्ता बरा, कारण मुरगळलेला घोटा पुष्कळ दिवस वाया घालवतो.

पहिले बारा आठवडे

येथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून पायावर येतो, आणि मिनिटाला साधारण १६० ते १७० पावले पडतात. म्हणजे दहा मिनिटांत सोळाशेहून अधिक वेळा हा भार पाय झेलतात. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, परंतु कंडरा आणि हाडे यांना बळकट होण्यास महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम पुरू लागतो, आपण आता तयार झालो असे वाटते, आणि नेमक्या त्याच सुमारास नडगी दुखू लागते. मी स्वतः पाचव्या आठवड्यात पुढच्या टोळीबरोबर सलग पळण्याचा हट्ट धरला होता. उजव्या नडगीच्या आतल्या कडेला सुरू झालेले दुखणे तीन आठवडे मला घरी बसवून गेले. दमाच्या भरवशावर वाढ करू नये, ही शिकवण मी त्यातून घेतली.

म्हणून पळणे आणि चालणे यांची पाळी लावावी. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाच मिनिटे झपाझप चालावे, आणि मध्ये पुढीलप्रमाणे क्रम ठेवावा. पहिले दोन आठवडे १ मिनिट पळणे आणि २ मिनिटे चालणे, असे ८ वेळा. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात २ मिनिटे पळणे, २ मिनिटे चालणे, ६ वेळा. पाचव्या-सहाव्यात ४ मिनिटे पळून २ मिनिटे चालणे, ४ वेळा. सातव्या-आठव्यात ७ मिनिटे पळून २ मिनिटे चालणे, ३ वेळा. नवव्या-दहाव्यात १२ मिनिटे पळून २ मिनिटे चालणे, दोनदा. अकराव्यात सलग २० मिनिटे, बाराव्यात २५ मिनिटे. एखादा टप्पा जड गेला तर तोच आठवडा पुन्हा करावा. बाराचे पंधरा किंवा अठरा आठवडे झाले तरी काही बिघडत नाही. पळण्याच्या दोन दिवसांत निदान एक दिवसाचे अंतर असावे. मंगळवार, गुरुवार आणि रविवार ही मांडणी बहुतेकांना सोयीची पडते.

वेग कोणता, असे विचारले जाते तेव्हा एकच उत्तर द्यावे: शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. गाणे म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑकलंडमध्ये सामान्य माणसांना गटाने पळायला लावले ते अशाच बोलत पळण्याच्या वेगाने. अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन त्या गटाबरोबर पळाले, तेव्हा आपल्यापेक्षा वयाने मोठी माणसे सहज पुढे जात आहेत आणि धाप आपल्यालाच लागली आहे, असा अनुभव त्यांना आला, आणि परत गेल्यावर त्यांनी आपल्या गावातही असाच उपक्रम सुरू केला. गटाला हा वेग पाळणे सोपे जाते, कारण बोलायला माणूस शेजारीच असतो. गप्पा थांबल्या की वेग वाढला आहे असे समजावे.

एक तास कसा घालवावा

जमल्याबरोबर हजेरी घ्यावी आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: आज काही दुखते आहे का? पहिली पाच मिनिटे चालण्याची. त्यानंतरच्या पाच मिनिटांत घोटे आणि खांदे फिरवणे, एका हाताने आधार घेऊन पाय पुढे-मागे झुलवणे, गुडघे उचलत जागच्या जागी चालणे आणि आठ-दहा सावकाश बैठका. शरीर थंड असताना स्नायू ताणून धरून उभे राहण्याची सवय अनेकांना असते. ते ताण शेवटी द्यावेत, सुरुवातीला हालचालीच कराव्यात. मग त्या आठवड्याचे पळणे आणि चालणे. मंगळवारी आणि गुरुवारी त्यापुढे वीस मिनिटे ताकदीचे व्यायाम असतात, तर रविवारी त्याऐवजी जास्तीचे झपाझप चालणे. शेवटची पाच मिनिटे सावकाश चालून श्वास पूर्ववत होऊ द्यावा आणि मग पोटऱ्या, मांड्यांच्या पुढचे-मागचे स्नायू यांना प्रत्येकी अर्धा मिनिट हलका ताण द्यावा. कोणीही शेवटचा माणूस पोहोचण्यापूर्वी निघून जाऊ नये. हा नियम मी सर्वांत वर ठेवतो.

वेगवेगळ्या वेगांची माणसे एकत्र कशी पळवावीत

आमच्या गटात एक सोबतीण पहिल्यापासून सर्वांच्या मागे असे. ती परत येई तेव्हा बाकीच्यांचे पाणी पिऊन झालेले असे, कोणी पिशवी खांद्याला लावलेली असे, आणि तिला पाहून सगळे एकदम उठून उभे राहत. कोणीही तिला वावगे बोलले नाही. तरी तिसऱ्या आठवड्यात तिने येणे सोडले, आणि तिने सोडल्यावरच आमची चूक आमच्या ध्यानात आली. पळण्याचे अंतर आम्ही ठरवत होतो, म्हणून वेगवान माणूस आधी मोकळा होत होता. ठरवायला हवी होती ती वेळ.

तेव्हापासून आम्ही शिट्टीवर परत फिरतो. सर्वांनी एकाच जागेवरून एकत्र निघायचे, आपापल्या वेगाने १२ मिनिटे पुढे जायचे, आणि घड्याळ वाजले की जेथे असू तेथून मागे वळायचे. एक किलोमीटरला ७ मिनिटे घेणारा तोपर्यंत साधारण १.७ किलोमीटर गेलेला असतो आणि ९ मिनिटे घेणारा १.३ किलोमीटर, वळल्याबरोबर सावकाश पळणारा जवळजवळ ४०० मीटरने पुढे होतो, आणि जातानाचाच वेग येतानाही राखला तर दोघे एकाच वेळी पोहोचतात. आज नवखा माणूस परतीच्या वाटेवर सर्वांच्या पुढे असतो. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज हळूहळू जवळ येतो, वेगवान मंडळींना त्याला गाठण्यासाठी खरोखर पळावे लागते, आणि शेवटचे दोनशे मीटर सगळी टोळी एकत्र येते. त्या दोनशे मीटरमध्ये चालू लागलेला नवखा मी आजवर पाहिलेला नाही. पहिल्या आठवड्यांत, पळणे आणि चालणे आलटून-पालटून असतानाही, हीच पद्धत चालते.

दुसरी रीत छोट्या फेऱ्याची. चारशे मीटर ते एक किलोमीटरचा गोल मार्ग निवडून सर्वांनी तीस मिनिटे फिरत राहावे. कोणाचे चार फेरे होतील, कोणाचे सात, पण सगळे सतत एकमेकांच्या नजरेत राहतात आणि वेळ संपताच सगळेच थांबतात. अंधाराच्या दिवसांत किंवा गटात कोणाची प्रकृती नाजूक असेल तर हीच रीत वापरावी.

तिसरी रीत साधारण सारख्या वेगाच्या, काही महिने सरावलेल्या टोळीसाठी आहे. एका ओळीत सावकाश पळायचे आणि सर्वांत मागच्याने बाजूने वेग वाढवून पुढे यायचे, तो पुढे आला की नव्या शेवटच्याने. नवख्यांना यात घालू नये.

ताकदीचे व्यायाम

पळणाऱ्या माणसाला ताकदीचे व्यायाम कंटाळवाणे वाटतात आणि तो ते टाळतो. गट असण्याचा सर्वांत मोठा फायदा मला येथेच दिसतो. १९५३ साली लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी सर्किट ट्रेनिंगची पद्धत बांधली. व्यायामांची ठाणी मांडायची आणि एका ठाण्यावरून दुसऱ्यावर फिरत राहायचे, ही तिची कल्पना मिश्र गटाला अगदी सोयीची आहे. ६ ठाणी मांडावीत: बैठका, भिंतीला, बाकाला किंवा जमिनीला हात टेकून जोर, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवण्याचा लंज, पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा ब्रिज, कोपरांवर शरीर सरळ धरण्याचा प्लँक, आणि पायरीच्या कडेवर टाचा उचलणे. प्रत्येक ठाण्यावर ३० सेकंद व्यायाम आणि ३० सेकंद विश्रांती घेतली की एक फेरी ६ मिनिटांची होते. सुरुवातीला दोन आणि महिन्याभरानंतर तीन फेऱ्या कराव्यात.

येथेही मोजायची ती वेळच, संख्या नव्हे. अर्ध्या मिनिटात एकाच्या सहा बैठका होतील आणि दुसऱ्याच्या पंधरा, पण शिट्टी दोघांसाठी एकाच क्षणी वाजते आणि कोणी मागे उरत नाही. प्रत्येक ठाण्यावर दोघांची जोडी असावी; एकाने करताना दुसऱ्याने पाहावे आणि एकच दुरुस्ती सांगावी, कारण चार दुरुस्त्या एकदम ऐकल्या की माणूस हबकून जातो. बैठकीत गुडघे आत वळत आहेत का, जोर काढताना कंबर खाली लोंबते आहे का, हे करणाऱ्याला स्वतःला कळत नाही. समोरच्याला तत्काळ दिसते.

टाचा उचलण्याविषयी थोडे अधिक सांगतो, कारण हा व्यायाम सगळे उरकून टाकतात. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, भिंतीला बोटांचा आधार घेऊन दोन सेकंदांत वर जावे, क्षणभर थांबावे आणि तीन सेकंद घेऊन टाच पायरीच्या पातळीखाली उतरू द्यावी. उतरण्याचा हा सावकाश भागच पोटरीला आणि टाचेमागच्या कंडरेला पळण्याचा भार सोसायला शिकवतो. झटके देत वीस वेळा वर-खाली करण्यापेक्षा अशा सहा उचलण्या खूप उपयोगाच्या आहेत.

दुखणे ओळखणे

नव्या व्यायामानंतर २४ ते ७२ तास स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. ते दोन्ही पायांत सारखे, पसरलेले आणि हालचालीने कमी होणारे असते. याउलट एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी दुखणे, पळताना वाढत जाणारे दुखणे, रात्री झोपेत जाणवणारे दुखणे किंवा चाल बदलायला लावणारे दुखणे ही थांबण्याची खूण आहे. विशेषतः नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बिंदूला दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा पळणे पूर्ण बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

दुखापत झालेल्याने घरी बसू नये. गटाचा खरा कस येथे लागतो. पाय दुखत असेल तर त्याने येऊन वरच्या अंगाचे व्यायाम करावेत, घड्याळ सांभाळावे, शिट्टी वाजवावी. हजेरी लागली पाहिजे. तीन आठवडे पूर्ण दूर राहिलेला माणूस परत येईलच याची खात्री नसते, तर तीन आठवडे शिट्टी वाजवणारा माणूस चौथ्या आठवड्यात हमखास पळायला उतरतो. ताप असताना मात्र कोणीही येऊ नये. छातीत दडपण, असामान्य धाप, भोवळ किंवा जबडा आणि हातात जाणारी कळ दिसली तर व्यायाम तेथेच थांबवून तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

बूट, पाणी, ऊन

बुटात सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी; पाय दिवसभरात थोडे फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावेत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ते बदलावेत. तासाभराच्या व्यायामात तहान लागेल तसे पाणी प्यावे; तहान नसताना ढोसलेले पाणी रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. उन्हाळा सुरू होताना शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेवढे दिवस वेग आणि वेळ दोन्ही कमी ठेवावेत. कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा, त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. अंधारात उजळ कपडे आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या वापराव्यात, आणि रस्त्यावर पळावेच लागले तर वाहने समोरून येताना दिसतील अशा बाजूने पळावे.

खाड्यांचा हिशेब

व्यायाम अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सवय रुळायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, परंतु माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यावर विशेष परिणाम होत नाही, हेही त्यात आढळले. म्हणून एका खाड्याचा बाऊ करू नये. लक्ष ठेवायचे ते सलग दुसऱ्या खाड्यावर.

आदल्या रात्री गटाला निरोप पाठवताना "उद्या कोण कोण येणार?" असे विचारू नये. त्या प्रश्नाने न येण्याचा पर्याय आपणच पुढे करतो, आणि पहिल्या दोघांनी नकार कळवला की बाकीचेही ढिले पडतात. "उद्या ६ वाजता, नेहमीच्या जागी" एवढेच लिहावे. सलग दोन वेळा न आलेल्याला एकाच व्यक्तीने फोन करावा आणि तोही सर्वांसमक्ष जाब विचारल्यासारखा नव्हे. "बरे आहे ना? रविवारी तुमच्याबरोबर मी मागे राहणार आहे," एवढे पुरते.

नोंदवहीत तारीख, हजेरी आणि त्या दिवशी काय केले, एवढेच लिहावे. वेगाची तुलना सर्वांसमोर मांडू नये. ज्याला आपली प्रगती पाहायची असेल त्याने दर सहा आठवड्यांनी त्याच मार्गावर, बोलता येईल अशाच वेगाने २० मिनिटांत किती अंतर होते ते मोजावे. तेच श्रम पडूनही अंतर वाढत गेलेले दिसले की त्याच्यासारखा हुरूप दुसऱ्या कशाने येत नाही.

बारा आठवड्यांनंतर

सलग २५ ते ३० मिनिटे पळता येऊ लागले की वाढ दोनच ठिकाणी करावी. रविवारचे पळणे दर आठवड्याला ५ मिनिटांनी वाढवावे आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात पुन्हा खाली आणावे. आणि आठवड्यातील एका दिवशी वेगाचा खेळ घ्यावा: स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेल्या फार्टलेक पद्धतीप्रमाणे, सावकाश पळता पळता मध्येच समोरच्या खांबापर्यंत किंवा झाडापर्यंत वेग घ्यायचा आणि मग पुन्हा बोलत पळायचे. खांब कोणी निवडायचा याची पाळी ठेवावी. नवख्याने जवळचा निवडला तर सर्वांनी तेवढेच पळावे. बाकीचे सर्व पळणे सोपेच राहू द्यावे.

गट बारा-पंधरा जणांच्या पुढे गेला की त्याच वेळी, त्याच जागी दोन टोळ्या कराव्यात, पण त्या वेगवान आणि सावकाश अशा पाडू नयेत. प्रत्येक टोळीत दोन्ही प्रकारची माणसे असावीत. परत येणाऱ्यासाठी नियम आधीच ठरवून ठेवावा. आठवडाभर गैरहजर असलेल्याने आहे तेथूनच पुढे जावे, दोन आठवडे गेले असतील तर वेळापत्रकात एक टप्पा मागे यावे, आणि महिना लोटला असेल तर ४ मिनिटे पळणे, २ मिनिटे चालणे या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात करावी. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर कोण मागे राहणार, हे आदल्या रात्रीच ठरलेले असावे.